पुढे गेलेली बॅग

१

बॅग हातात ठेवायची की विमानाच्या पोटात टाकायची, यावरून आमच्या घरात आठवडाभर धुसफूस चालली होती.

नवरा लोकांना मोटार चालवायला शिकवतो. शेजारच्या सीटवर बसून ब्रेकवर पाय ठेवायची त्याला इतकी सवय झालीय की घरातसुद्धा त्याचा पाय ब्रेकवरच असतो. त्याचं म्हणणं एकच. "हात मोकळे पाहिजेत. तीन विमानं बदलायची आहेत. तू ऑपरेशनला चालली आहेस, हमाली करायला नाही."

माझं म्हणणं, डोळ्यांसमोर असेल ते आपलं. तीन विमानं म्हणजे बॅग हरवायच्या तीन संधी. त्यात बॅगही अशी मधल्या मापाची की हातातही चालेल आणि पोटातही चालेल. मोठी असती तर वादच नव्हता.

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या आणि माझी एक त्याला जुळत होती. तो राहतो लांब. ऑपरेशनची तारीख ठरलेली, आणि त्या तारखेआधी पोचवणारं सलग तिकीट काही मिळेना. मग नवऱ्याने तीन तुकडे जोडून प्रवास बसवला. दर ठिकाणी उतरायचं, पट्ट्यावरून बॅग उचलायची, पुढच्या काउंटरवर पुन्हा द्यायची. लेकीची परीक्षा संपली की तो मागून येणार होता. तोवर मी एकटी.

बॅगेत काय, तर कपडे. पोटाला टाके असताना हात वर करून काही घालता येत नाही म्हणून मी स्वतःसाठी पुढून उघडणारे सैल सुती झगे आणि खाली घालायला पायजमे शिवले होते. आणि भावासाठी एक निळा चौकटीचा शर्ट, दवाखान्यातून घरी येताना घालायला. तो शर्ट मात्र नव्या मालासारखी टाचण्या लावून घडी घालून ठेवला होता. शर्ट कुठला घालतो हो, आधी माणूस तर घरी येऊ दे, असं मनात यायचं आणि मी ते तिथेच दाबून टाकायची.

आमची लाँड्री आहे. बाबांनी सुरू केली, आता मी चालवते. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना आम्ही चिठ्ठ्या लावतो, पण घरच्या कपड्यांना बाबांची वेगळी रीत होती. प्रत्येक धुण्यानंतर कॉलरच्या आतल्या बाजूला लाल दोऱ्याचा एक टाका. टाके बघितले की कापडाचं वय कळतं, किती जोर लावून घासायचं ते कळतं. गाठ मात्र आत, दोन थरांच्या मध्ये लपली पाहिजे. मी डावरी आहे, त्यामुळे माझे टाके सगळ्या जगाच्या उलट कलतात. सुई टोचू नये म्हणून डाव्या हाताच्या मधल्या बोटात बाबांचा पितळी अंगुस्ताना असतो, कामाच्या वेळी तो निघत नाही.

भावाला लहानपणी टाके घालायला बसवलं की गाठ हमखास बाहेर. कॉलरच्या वर, लोकांना दिसेल अशी, मिरीच्या दाण्याएवढी. "ठोंब्या, गाठ आत," बाबा ओरडायचे. पुढे हा पुलांची गणितं करणारा इंजिनियर झाला, पण गाठ काही आत गेली नाही. नाव मात्र चिकटलं. त्याची बायकोसुद्धा त्याला ठोंब्याच म्हणते.

नवं कापड एकदा धुऊन त्याचा कडकपणा काढायचा असतो. तसे मी झगे आणि शर्ट एकेकदा धुतले, प्रत्येकाला एकेक टाका घातला, सगळ्यांच्या कॉलरी एका बाजूला ठेवून बॅग भरली आणि आकड्यांचं छोटं कुलूप लावलं. शेवटी नवरा जिंकला. कागद, औषधं आणि रिपोर्ट खांद्यावरच्या पिशवीत, बॅग पोटात.

"बघ, पुढे गेली की तुझ्या डोक्याचा ताप गेला," काउंटरवरून बॅग आत सरकताना तो म्हणाला. एक चाक नेहमीप्रमाणे कुईकुई करत होतं.

२

पहिल्या मुक्कामी बॅग पट्ट्यावर सगळ्यांत आधी आली. मला बरं वाटलं. एवढं नशीब माझ्या वाट्याला सहसा येत नाही.

पुढच्या विमानाला बराच वेळ होता. नवऱ्याने विमानतळालगतच्या हॉटेलात दिवसापुरती खोली घेऊन ठेवली होती. खोली म्हणजे पलंग, खुर्ची, न उघडणारी खिडकी आणि भिंतीपलीकडे लिफ्ट. लिफ्ट यायची, थांबायची, कुणी उतरल्याचा आवाज यायचा नाही, आणि ती परत जायची. बाहेर लख्ख ऊन होतं. मी तोंड धुतलं आणि जरा सैल काहीतरी घालून पडावं म्हणून बॅग उघडली.

कुलूप माझ्याच आकड्यांवर उघडलं. वरचा पिवळा झगा उलटा होता. कॉलर भलत्या बाजूला.

तपासणीवाल्यांनी उघडली असेल, असं मी म्हटलं. झगा उचलला आणि तिथेच थबकले. कापडाचं काम करणाऱ्याला बोटांनी कळतं. हे कापड एकदा धुतलेलं नव्हतं. मऊ पडलं होतं. बाह्यांना कोपरापाशी आडव्या सुरकुत्या होत्या, कुणीतरी पलंगावर कोपरं टेकून बराच वेळ बसलं की पडतात तशा. वास आमच्या साबणाचा नव्हता. दवाखान्याच्या चादरींना येतो तसला काहीतरी.

कॉलर उलटली. लाल टाके दोन होते.

दुसरा टाकाही उलटा कललेला. माझाच.

मी खुर्चीत बसले आणि स्वतःची उलटतपासणी घेतली. झगा दोनदा धुतला का? नाही. धुतला असला तर आठवत कसं नाही? गेले काही दिवस डोकं ठिकाणावर नव्हतं हे खरं. रिपोर्ट, फोन, तपासण्या. एक टाका जास्तीचा पडला असेल. पण मग कोपराच्या सुरकुत्या? त्या काय टाक्याने पडतात?

नवऱ्याला फोन केला. "अहो, माझा पिवळा झगा तुम्ही हाताळला होता का?"

"मी? तुझ्या कपड्यांना हात लावायची माझी काय बिशाद?"

"त्याला एक टाका जास्त आहे."

"झोपेत घातला असशील. तू झोपेत गिऱ्हाइकांशी भांडतेस, मला सगळं ऐकू येतं." मग त्याचा आवाज उतरला. "अगं, घाबरली आहेस का?"

"घाबरायला काय झालंय," मी म्हटलं. पण झगा काही मी घातला नाही. शर्ट बघितला. टाचण्या जागच्या जागी, घडी कोरी, टाका एकच. जिवात जीव आला. भिंतीपलीकडे लिफ्ट येऊन थांबली आणि कुणीच उतरलं नाही.

३

बॅग पुन्हा पोटात दिली. हातात ठेवावी असं मनात आलं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती उचलून वरच्या कप्प्यात ठेवायची आणि वर बघत बसायचं, ह्याची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या मुक्कामी खोली नव्हती, नुसतंच मोठं दालन. तिथे बायकांच्या स्वच्छतागृहाला लागून लहान बाळांचे कपडे बदलायची एक छोटी खोली होती. भिंतीतून खाली ओढायचं टेबल, कडी आतून. मी आत शिरले, कडी लावली, टेबलावर बॅग ठेवली. भिंतीपलीकडे हात सुकवायचं यंत्र सुरू झालं, बंद झालं. मी म्हटलं, बाई गं, उघड आता.

यावेळी सगळेच झगे वापरलेले होते.

कॉलरींच्या आत टाक्यांची रांग लागली होती. सगळे उलटे कललेले. पायजम्याची नाडी बदललेली, तीही आखूड, कंबर बारीक झाल्यासारखी. हिरव्या झग्याच्या डाव्या कुशीवर, खालच्या अंगाला, एक फिकट वर्तुळ होतं. डोळ्यांना जेमतेम दिसेल असं. ते मी लगेच ओळखलं. थंड पाणी आणि मीठ घेऊन मी रक्ताचा डाग काढते तेव्हा पाण्याची कड अशीच उमटून राहते. बाबा त्यावरून मला नेहमी बोलायचे, कड पुसून घे म्हणून.

डॉक्टर ज्या बाजूची किडनी काढणार होते, ती डावी.

यंत्र परत सुरू झालं. बाहेर पावलं नव्हती. ते आपोआप सुरू होतं, त्यात काही विशेष नाही, मी स्वतःला सांगितलं. आणि ह्यातही काही विशेष नाही. चोर आला, त्याने कुलूप उघडलं, झगे घातले, आजारी पडला, रक्त सांडलं, धुतलं, माझ्यासारखे डावे टाके घातले आणि सगळं परत ठेवून गेला. असा चोर मिळाला तर मी त्याला दुकानात कामावर ठेवीन. मला हसू आलं आणि हसता हसता मी झगे एकेक करून परत तपासले.

ते कपडे मी घातले होते. दुसरा अर्थ लागत नव्हता. बॅग माझ्या पुढे जात होती, आणि पुढचं जे काही होतं ते अंगावर घेऊन परत येत होती.

ते एक वेळ ठीक. माझं ऑपरेशन झालं होतं, मी बरी झाले होते, बारीकही झाले होते, वाईट काय त्यात? मग मी शर्ट काढला.

टाचण्या जागच्या जागी. घडी कोरी. टाका एकच.

माझे कपडे इतक्यांदा धुऊन झाले आणि त्याचा शर्ट एकदाही अंगावर चढला नव्हता. महिना गेला असेल, दोन गेले असतील, त्या सगळ्या दिवसांत तो घरी आला नव्हता. मी त्या बाळांच्या टेबलावर शर्ट ठेवला, त्याच्यावर कपाळ टेकलं आणि रडले. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून यंत्र सुरू व्हायची वाट बघत, थांबत थांबत रडले.

४

दालनात येऊन बसले तेव्हा भावाचाच फोन आला.

"ताई, पोचलीस का दुसऱ्या टप्प्यावर? बॅग हातात की पोटात?"

"पोटात."

"म्हणजे माझं सगळंच सामान पोटातून येतंय." हसताना त्याला धाप लागली. मागून भावजय म्हणाली, "ठोंब्या, बोलू नकोस जास्त. ताई, काही खाल्लंत का तुम्ही?"

"टोस्ट खाल्ला," मी थाप मारली.

मग तो दुसऱ्या खोलीत गेला असावा, कारण दार लागल्याचा आवाज आला. त्याचा आवाज अगदी लहानपणचा झाला. "ताई, ऐक. मला भीती वाटते म्हणून सांगत नाही. पण तुला वाटत असेल की नको, तर परत फीर. अजून वेळ आहे. मी आयुष्यात कधी तोंडातून काढणार नाही."

आता त्याला काय सांगू, की अरे, तुझा शर्ट मी बघितलाय?

"तुझी बडबड झाली असेल तर झोप," मी म्हटलं. "मी उद्या तिथे आहे."

फोन ठेवला आणि काउंटरच्या रांगेत उभी राहिले. काउंटरवरच्या मुलीने बॅग बघितली, मग मला बघितलं. "मावशी, विमान लहान आहे, पण आज गर्दी नाही. ही हातात चालेल. हातात ठेवता की पोटात देऊ?"

हातात ठेवता येईल. माझ्या लगेच लक्षात आलं, की हातात ठेवली तर ती माझ्या पुढे जाणार नाही. जशी आहे तशी राहील. मला आणखी काही कळणार नाही, आणि जे कळलंय ते म्हणजे काय सगळं नव्हे, असं म्हणायला जागा राहील. शर्ट तेवढा काढून खांद्यावरच्या पिशवीत घ्यावा, बाकीची बॅग जाऊ दे, असंही मनात आलं. मी बॅग उघडली आणि शर्ट हातात घेतलासुद्धा.

मागचा माणूस घसा खाकरायला लागला.

मी स्वतःला एकच प्रश्न विचारला. समज, पट्ट्यावरून बॅग आली आणि शर्ट अजून कोराच असला, तर तू परत फिरशील का? त्याला किडनी देणार नाहीस का?

देईन. आतून काहीही आलं तरी देईन. वाचायची शक्यता कापडाच्या एका धाग्याएवढी असली तरी देईन, नसली तरी देईन. हे उत्तर इतकं सरळ आलं की मलाच नवल वाटलं. गेले काही महिने सगळे मला विचारत होते, नीट विचार केलाय ना, आणि मी हो म्हणत होते. खरा विचार मी केला तो त्या काउंटरवर, मागचा माणूस खोकत असताना.

आणि मग देणारच असशील तर बघायला कशाला भ्यायचं? डाग आहे की नाही हे न बघता कपडा परत देणं आमच्या धंद्यात बसत नाही. शिवाय हातात धरून ठेवलेला शर्ट घालणार कोण?

मी शर्ट परत आत ठेवला, कुलूप लावलं. "पोटात दे," मी म्हटलं. चाक कुईकुई करत बॅग रबरी पडद्यामागे गेली.

५

शेवटच्या विमानतळावर बॅग आली नाही.

दुपार होती. उंच काचांमधून ऊन पट्ट्यावर पडलं होतं. माझ्याबरोबरची मंडळी आपापलं सामान घेऊन गेली. कुणाचं तरी खेळण्यातलं अस्वल फिरत होतं, तेही शेवटी कुणीतरी पळत येऊन नेलं. मग नुसताच पट्टा. काळे पत्रे एकमेकांवर सरकत, वळणावर खर्रर्र करत. मग तोही थांबला.

इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. भिंतीवरचं घड्याळसुद्धा बिनआवाजाचं. बाहेरच्या दाराशी भावजय उभी असणार, मला माहीत होतं. तिच्यासमोर जाऊन काय सांगणार? सामानाच्या खिडकीपाशी एक माणूस होता, तो फोनवर बोलत आत निघून गेला. दालनात मी एकटी.

वाटलं, हेच उत्तर. पुढे काही नाहीच, म्हणून काही आलं नाही.

पट्टा सुरू झाला.

कुणी बटण दाबलेलं दिसलं नाही. लांबच्या टोकाला रबरी पडद्याच्या पट्ट्या हलल्या. मी तिकडे चालत गेले. आतून चाकाची कुईकुई आली. पडदा वर उचलला गेला आणि बॅगेचं तोंड बाहेर आलं. बॅगेला मागून कुणीतरी ढकलत होतं.

हात दिसला. मनगटापर्यंतच. म्हातारा हात, शिरा वर आलेल्या, कातडी विरलेल्या मलमलीसारखी. डावा. मधल्या बोटात पितळी अंगुस्ताना, घासून घासून पार पातळ झालेला. त्या हाताने बॅगेला पाठीवर थोपटल्यासारखं केलं, आणि पडदा खाली पडला.

मी ओरडले नाही. पडद्यापलीकडे वाकून बघितलंही नाही. आता सगळे विचारतील, का नाही बघितलंस? कारण मला त्या हाताची लाज वाटली. कुणी काम करत असताना आपण मध्येच डोकावू नये, तसं काहीतरी वाटलं. एवढंच मी शपथेवर सांगू शकते. बाकी ऊन डोळ्यांवर होतं, पोटात अन्न नव्हतं, आणि सामान ढकलणाऱ्या कामगारांचे हात कसेही असू शकतात.

बॅग खाली ओढली आणि तिथेच फरशीवर गुडघे टेकून उघडली.

शर्ट सगळ्यांत वर होता. टाचण्या नव्हत्या. निळा रंग उडून आभाळासारखा झाला होता. कॉलरची कड झिजून पांढरी पडली होती. उजवं कोपर विरून विरून जाळी झालेलं, पलीकडची फरशी दिसेल इतकं. टेबलावर कोपर टेकून कागदांवर वाकून बसणाऱ्या माणसाचं कोपर असं विरतं. आमच्याकडे शाळामास्तरांचे शर्ट येतात, त्यांचं असंच असतं. पण ते एका वर्षात होत नाही, दोन वर्षांतही होत नाही. वर्षं लागतात.

कॉलर उलटायची गरजच पडली नाही. माझ्या अंगठ्याला बाहेरच टोचलं. लाल गाठी. कॉलरच्या वरच्या अंगाला, लोकांना दिसतील अशा, मिरीच्या दाण्याएवढ्या, एकीला लागून एक, पार कॉलरभर. मोजायला मी गेले नाही. मोजून काय करायचं होतं?

"ठोंब्या, गाठ आत," मी त्या रिकाम्या दालनात मोठ्याने म्हणाले. आणि मग काय झालं मला, हसत होते की रडत होते, कुणास ठाऊक. खिडकीतला माणूस परत आला आणि विचारायला लागला, बाई, सामान मिळालं ना?

मिळालं, मी म्हटलं.

६

बाहेर भावजय उभी होती, आणि चाकाच्या खुर्चीत तो, चेहरा सुजलेला, डोळ्यांखाली काळं. येऊ नकोस म्हणून सगळ्यांनी सांगितलेलं असताना आलेला.

"एवढा वेळ?" तो म्हणाला. "तरी विचारत होतो, हातात की पोटात."

त्यांच्या घरी पोचल्यावर मी सगळ्यांसमोर बॅग उघडली. आत झगे होते, कोरे, कॉलरी एका बाजूला. एकेका झग्याला एकेक टाका. शर्ट टाचण्यांसकट, निळाभोर. मी एकेक कापड बोटांत धरून बघितलं, उजेडासमोर धरलं. काही नाही. भावजयीने विचारलं, "काही राहिलं का ताई?" मी नाही म्हणाले. थकलेलं डोकं काय वाटेल ते दाखवतं, असंही म्हणून बघितलं. नवऱ्याला नंतर सांगितलं तेव्हा त्यानेही हेच सांगितलं, आणि मग रात्रभर माझा हात सोडला नाही.

ऑपरेशन झालं. माझी जखम आठवड्याने जराशी पाझरली आणि हिरव्या झग्याला डाव्या कुशीवर डाग पडला. मी तो थंड पाण्याने आणि मिठाने काढला. कड राहिली. ती कड बघून मी दवाखान्याच्या मोरीत जी हसले, ते नर्सबाईंना अजूनही कळलेलं नाही.

भावाचे मात्र हाल झाले. शरीर काही ती किडनी आपली म्हणेना. डॉक्टर यायचे, चेहरे पाडून जायचे. दिवसामागून दिवस माझे झगे धुतले जात होते, टाके वाढत होते, आणि शर्ट कपाटात टाचण्यांसकट पडून होता. अगदी दुसऱ्या मुक्कामी बघितला होता तसा. भावजय कोपऱ्यात तोंड लपवून रडायची. नवरा येऊन जिन्यात नुसता उभा राहायचा. त्या सगळ्यांत मी एकटी अशी होते की जिला रडू येत नव्हतं. भावजयीला वाटलं, ताई दगड झाल्या. मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, "शर्ट घालणार आहे तो. बघ तू." तिने विचारलं नाही, कशावरून म्हणून. पण त्या दिवशी ती जेवली.

आणि एका सकाळी त्याच्या पिशवीत लघवी दिसायला लागली, आधी थोडी, मग भरपूर, आणि सगळा वॉर्ड लॉटरी लागल्यासारखा ती पिशवी बघायला आला.

तो शर्ट घालून घरी आला. पुढे शर्ट धुतल्यावर मी त्याच्या हातात सुई आणि लाल दोरा दिला. म्हटलं, हा टाका तू घाल. त्याने जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून, अगदी लहानपणासारखा टाका घातला. गाठ बाहेर आली.

"ओरड आता," तो म्हणाला.

मी ओरडले नाही. अंगठा फिरवून बघितला. ओळखीची होती.

आता तो पुन्हा पुलांची गणितं करतो. वर्षातून एकदा मी जाते, बॅग पोटात टाकते, आणि दर वेळी ती मी भरली तशीच परत मिळते. पोचल्यावर पहिलं काम, त्याचा शर्ट कपाटातून काढून उजेडात धरणं. रंग थोडा उडालाय. कॉलरभर गाठींची रांग सरकत चाललीय, अजून बरीच जागा आहे. तो म्हणतो, ताईला माझ्यापेक्षा शर्टाची काळजी.

त्याला मी हे सांगितलेलं नाही, की त्या कोपराच्या जाळीपुढचं मी काही बघितलेलं नाही. शर्ट तिथवर पोचला की पुढे काय, ते मला माहीत नाही. सुरुवातीला ह्या विचाराने माझी झोप उडायची.

मग मागच्या खेपेला मी अंगुस्ताना घातला, त्याच्या खिडकीत बसले आणि उजव्या कोपराला आतून अस्तर लावून दिलं. दुहेरी, चांगल्या घट्ट विणीच्या कापडाचं, चारी बाजूंनी बारीक टाके घालून. आता ते कोपर सहजी विरणार नाही.

त्या दालनात मी जो शर्ट बघितला होता, त्याला अस्तर नव्हतं.